डॉक्टरसाहेब, हे घड्याळ थोडं पुढे धावतं
(नाशिकच्या डॉक्टर मंडळींना एका घड्याळजीचं खुलं पत्र)

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या समस्त डॉक्टर मंडळींस,

स. न. वि. वि.

रविवार कारंज्याजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची सहा फूट जागा, एक काचेचं कपाट, एक स्टूल आणि डोळ्याला लावायचं भिंग. वडिलांनी टाकलं, मी चालवतो. चावीची घड्याळं आता महिन्याला चार-पाच येतात, तीही कुणाच्या तरी आजोबांची आठवण म्हणून. गल्ला चालतो तो स्मार्टवॉचच्या पट्ट्यांवर. त्यातही सगळ्यात जास्त गर्दी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारताना घड्याळ काढून ठेवायचं असतं हे नाशिककरांना कोणी सांगितलेलं नाही, आणि खोक्यावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं ना!

पट्टा बदलायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात माणूस बोलतो. पूर्वी गिऱ्हाईक सांगायचं, घड्याळ रोज तीन मिनिटं मागे पडतंय. आता सांगतं, रात्रीची डीप स्लीप कमी पडतेय. ठोके सांगतात, पावलं सांगतात, ऑक्सिजन सांगतात. मी घड्याळजी, मला त्यातलं काय कळणार? पण ऐकून घेतो. आणि बोलणं संपता संपता दर तीन-चार माणसांमागे एकजण म्हणतोच : “डॉक्टरांना दाखवलं हो, पण ते हसले.”

हे हसणं मनात राहिलं म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी एक जुनी ओळख सांगतो. तुमचा आणि आमचा धंदा एकेकाळी फार जवळचा होता. इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर नावाचे एक डॉक्टर होते. त्या काळच्या घड्याळांना तास-मिनिटांचे काटे असत, नाडी मोजायला सोयीचं असं काही नसे. फ्लॉयरनी घड्याळजीला सांगून बरोबर एक मिनिट चालणारं खास घड्याळ बनवून घेतलं आणि १७०७ मध्ये नाडीच्या मोजणीबद्दल लिहिलं. पुढे तर डॉक्टरांसाठी वेगळी डायलच निघाली. पंधरा किंवा तीस ठोके मोजायचे आणि काटा जिथे असेल तिथला आकडा वाचायचा, मिनिटाचा हिशेब तयार. म्हणजे मनगटावरच्या घड्याळाने नाडी मोजावी ही कल्पना कुठल्या मोबाइल कंपनीची नाही, तुमच्याच पूर्वजांची आहे. तेव्हा पेशंटने मनगट पुढे केलं तर निदान नातं ओळखा, एवढं म्हणतो.

आता मुद्द्याचं. आमच्या धंद्यात ‘बरोबर घड्याळ’ असं काही नसतं. जुन्या चावीच्या घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे डोलणारं चाक, बहुधा तासाला १८,००० ठोके देतं, आणि कितीही तेलपाणी केलं तरी ते दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे होतंच. डायल वर ठेवलं तर एक चाल, डायल खाली ठेवलं तर दुसरी, चावीच्या बाजूने उभं ठेवलं तर तिसरी. पण रोज दोन मिनिटं पुढे धावणाऱ्या घड्याळावर माणूस बिनधोक आयुष्य काढतो. आमच्या वडिलांनी काढलं. आदल्या दिवशी जुळवलेल्या घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं झाली म्हणजे आठ, हे त्यांना ठाऊक. फेकून द्यायचं ते घड्याळ, जे सोमवारी पुढे आणि मंगळवारी मागे.

स्मार्टवॉचच्या आकड्यांनाही हीच फूटपट्टी लावावी, असं मला वाटतं. एखादा आकडा खरा की खोटा यावर भांडण्यापेक्षा त्याची चाल धरता येते का ते बघावं.

मागचं झाकण मी रोज बघतो, म्हणून सांगतो. तिथे हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्याबरोबर मनगटात रक्त वाढतं-घटतं तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश. युक्ती छान आहे, पण नाजूक आहे. माझ्याकडे येणाऱ्या घड्याळांच्या त्या काचेवर साबण, घाम, खोबरेल तेल यांचा थर असतो. पट्टा एवढा सैल की करंगळी आरपार जावी. आमच्या भगिनी पाटल्या-बांगड्यांच्या मध्ये घड्याळ अडकवतात, ते कातडीला टेकतच नाही. कुणाच्या मनगटावर त्याच जागी गोंदण. आणि डिसेंबरात निफाडचा पारा खाली घसरला की पहाटे फिरायला निघालेल्याच्या मनगटातल्या रक्तवाहिन्या थंडीनं आकसतात, घड्याळ भलतेच ठोके दाखवतं, आणि तो माणूस घाबरून सकाळी दहाला तुमच्या दारात. यातल्या निम्म्या लोकांना मीच काच पुसून आणि पट्टा एक भोक घट्ट करून बरं केलंय. फी घेतली नाही.

काही घड्याळं मात्र शुद्ध फसवणूक असते. एकदा हजार-बाराशेचं एक घड्याळ दुरुस्तीला आलं, सहज म्हणून दुपारच्या डब्यातल्या काकडीला बांधलं. अठ्ठ्याहत्तर ठोके! काकडीची तब्येत उत्तम होती. गिऱ्हाइकाला दाखवलं, तर तो म्हणाला, “असू द्या काका, वेळ तर बरोबर दाखवतंय ना.” असेही आहेत.

पण बाकीच्यांची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या मेहुण्याची सांगतो. पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबाग, वय त्रेसष्ट. मुलगा पुण्याला, त्यानं चांगल्यातलं घड्याळ आणून दिलं. गोडी छाटणीच्या दिवसांत घड्याळानं पंधरवड्यात तीनदा सूचना दिली की ठोके अनियमित आहेत. मेहुणा एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ईसीजी काढला, तो साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, हे खेळणं काढून ठेवा, डोक्याला ताप होईल. त्यानं ते काढून कपाटात ठेवलं. दोन महिन्यांनी जीव घाबरा व्हायला लागला म्हणून मुलानं नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी घड्याळातल्या जुन्या नोंदी मागितल्या, मग होल्टर, म्हणजे दिवसरात्र ईसीजी नोंदवत राहणारं छोटं यंत्र, लावला. पहाटे तीनच्या सुमाराला सापडलं : एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं. रक्त पातळ करायची गोळी चालू झाली. या आजारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या डॉक्टरांची चूक झाली असं मी म्हणत नाही. त्या क्षणाचा ईसीजी खरोखरच साफ होता. पण आमच्याकडे असं घड्याळ आठवड्याला एक येतं. घरी थांबतं, दुकानात आणलं की टकाटक चालतं. नवशिका कारागीर म्हणतो, काही झालेलं नाही, घेऊन जा. वडिलांनी मला शिकवलं होतं : असं घड्याळ आठ दिवस खिळ्याला टांगून ठेवायचं, येता-जाता बघायचं. कधीतरी ते थांबतंच, आणि थांबलं की दुखणं कळतं. तुमचा होल्टर म्हणजे तो खिळाच की!

माझी पुतणी नर्सिंग शिकते. तिच्याकडून यावरचा एक मोठा अभ्यास समजावून घेतला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, २०१९ मध्ये छापून आलेला, ॲपलच्या घड्याळावर केलेला. खर्चही त्याच कंपनीचा, हे लक्षात ठेवून वाचायचा. चार लाख एकोणीस हजारांवर माणसं. त्यांतल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना आली. सूचना आलेल्यांपैकी साडेचारशे जणांनी छातीवर लावायची ईसीजीची पट्टी वापरून परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांत हा आजार सापडला. पुतणी म्हणाली, काका, म्हणजे दोन तृतीयांश लोकांत सापडला नाही. मी म्हटलं, बाई, पट्टी सूचनेनंतर काही दिवसांनी लावलेली. तोवर ते घड्याळ पुन्हा चालायला लागलं नसेल कशावरून? आमचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही मिटवलात तर बरं होईल, कारण माझ्या गिऱ्हाइकांना नेमकं हेच कुणी सांगत नाही : सूचना आली म्हणजे आजार झाला असं नाही, पण सूचना आली म्हणजे काहीच नाही असंही नाही.

उलटीही बाजू आहे. सराफ बाजारातले आमचे एक ओळखीचे. सकाळी छातीत दडपल्यासारखं झालं, डाव्या हाताला मुंग्या. घड्याळावर बोट ठेवून ईसीजी काढला, ‘नॉर्मल’ आला. समाधानानं दुकान उघडून बसले. दुपारी दोनला घामाघूम झाले तेव्हा पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅकच होता. वाचले, स्टेंट पडला, आता त्यांच्या गल्ल्यावर तीच गोष्ट रंगवून सांगतात. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारा, दवाखान्यातला बारा लीडचा. घड्याळ ठोक्यांची लय बघतं, अटॅक त्याला ओळखता येत नाही. घड्याळ बनवणारेही हे लिहून देतात, पण बारीक अक्षरात. ते वाचायला माझं भिंग लागेल. छातीत दुखलं तर मनगटाकडे बघायचं नाही, १०८ला फोन करायचा, एवढं एक वाक्य डॉक्टरांच्या तोंडून आलं असतं तर त्यांची सकाळ वाया गेली नसती. मी सांगून कोण ऐकतो?

शुगरचं तर विचारूच नका. “सुई न टोचता शुगर” असं छापलेली घड्याळं लोक हौसेनं घेतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की कातडीला छेद न देता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही, वापरू नका. दंडावर चिकटवायचा सेन्सर, ज्याची बारीक तार कातडीखाली जाते, तो वेगळा. त्याचा आकडा घड्याळावर दिसतो, पण मोजतं ते घड्याळ नव्हे. माझ्याकडे येणारे पंचवटीतले एक आजोबा असल्या घड्याळावर बघून इन्सुलिनचे युनिट ठरवत होते. मी हात जोडले. घड्याळ माझ्याकडे ठेवून घेतलं आणि ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून तीन आठवडे टोलवलं. खोटं बोललो. तोवर त्यांच्या सुनेनं ग्लुकोमीटर आणला.

बीपीचंही जवळपास तसंच. सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणजे मूळ मशीन घरात हवंच. ॲपलनं २०२५ मध्ये जे आणलं ते मला जास्त पटलं. ते बीपीचा आकडा सांगतच नाही. तीस-तीस दिवसांच्या नोंदी बघून बीपी जास्त असण्याची चिन्हं दिसली तर डॉक्टरांना भेटा म्हणतं. कुणीतरी घड्याळजीसारखा विचार केलेला दिसतो.

पावलांबद्दल थोडंसंच लिहितो, कारण त्यात आजारापेक्षा करमणूक जास्त. ढोल पथकातला पोरगा येऊन सांगतो, काका, सरावात एका संध्याकाळी वीस हजार पावलं. तो जागेवरून हललेलाही नसतो, हात हललेले असतात. सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत पावलांची स्पर्धा होती, तिथल्या एका पठ्ठ्यानं घड्याळ मशीनच्या हलत्या दांड्याला बांधून पहिला नंबर काढला. कणीक मळताना, भजनात टाळ वाजवताना, खड्ड्यांतून स्कूटर चालवताना पावलं वाढतात. खड्ड्यांचं श्रेय महापालिकेला. कॅलरींचा आकडा तर त्याहून पोकळ. २०१७ मध्ये सात प्रकारची मनगटी यंत्रं तपासली होती, तेव्हा ठोके बहुतेकांचे ठीक निघाले, पण कॅलरींत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. रविवारी सकाळी घड्याळ म्हणतं सहाशे जाळल्या, आणि माणूस मिसळीबरोबर दोन पाव जास्त घेतो.

तरी एक गोष्ट हसण्याची नाही. इंदिरानगरच्या एक आजी, वय बहात्तर. रात्री दहा वाजता हॉलमधल्या हॉलमध्ये गोल-गोल फिरतात, कारण दहा हजार व्हायला अठराशे बाकी. गुडघे सुजलेले. हा दहा हजारांचा आकडा कुठून आला? टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीनं कमरेला लावायचा पावलं मोजणारा काटा विकायला काढला, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विक्रीसाठी ठेवलेलं नाव ते! २०१९चा एक अभ्यास पुतणीनं दाखवला, सरासरी बहात्तर वयाच्या सोळा हजारांवर बायकांचा. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं, आणि ७,५०० नंतर फायदा वाढेना. मी आजींना म्हटलं, पाच हजारांवर लावून घ्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितलं तर लावीन.”

बघा, तुमच्या एका शब्दाचं वजन!

झोपेचंही असंच. एक शिक्षिका येतात, त्या झोपेचा स्कोअर बघून ठरवतात की आज आपण थकलेल्या आहोत की नाही. उठल्यावर ताज्या वाटत असतात, घड्याळ ६१ म्हणतं, की लगेच डोकं दुखायला लागतं. चांगल्या स्कोअरच्या काळजीनं झोप उडण्याला २०१७ मध्ये तुमच्यातल्याच काहींनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलंय म्हणे. अंबडच्या रात्रपाळीवाल्यांचं तर वेगळंच. ते दिवसा झोपतात, काही घड्याळं ती झोप धरतच नाहीत किंवा डुलकी म्हणून बाजूला टाकतात, आणि पोराला वाटतं आपल्याला निद्रानाश झाला.

मग लोक घालतात कशाला? मीही हा प्रश्न विचारतो. उत्तरं ऐका. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरणाऱ्या एक बाई, शुगर सात वर्षांची. त्या म्हणाल्या, डॉक्टर तीन महिन्यांतून दहा मिनिटं भेटतात, हे रोज भेटतं. एक तासापेक्षा जास्त बसलं तर हात हलवतं. त्यांची विसाव्याची नाडी वर्षभरात ८४ वरून ७३ वर आली. आकडा दोन-चारनं चुकत असेल, पण रोज तसाच चुकतो, आणि उतार तर खरा आहे ना? एक रिक्षावाले म्हणाले, बायको गेल्यापासून घरात कोणी विचारत नाही, हे निदान ‘उठा’ म्हणतं. आणि दिंडोरीचे एक गुरुजी म्हणाले, डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी लागतं हो, नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की ते पुढच्या पेशंटला बोलावतात.

या तिसऱ्या उत्तरापाशी मी थांबतो. ते लोक तुमच्याशी स्पर्धा करायला येत नाहीत. गूगलचा शहाणपणा दाखवायलाही सगळेच येत नाहीत. त्यांच्याकडे तक्रारीला शब्द नाहीत, आकडा आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. बाहेर चाळीस नंबर बसलेले, त्यात एकजण मोबाइल काढून नव्वद दिवसांचे आलेख दाखवायला लागला तर कुणाचाही तोल जाईल. म्हणून मागणं छोटं आहे. सगळं बघू नका. पेशंट उठता-उठता एवढंच सांगा की तुमच्या आजारात या घड्याळातला अमुक एक आकडा बघा, तो इतके दिवस इतका बदलला तर या, बाकीचे बंद करून टाका. ज्याला बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी, चालू आहे त्याला सांगून ठेवा की ठोके कमी दिसणारच. नाहीतर ‘लो हार्ट रेट’चा लाल शब्द बघून तो गोळीच बंद करतो. असा एक माझ्या ओळखीत आहे. आणि हसू आलं तर हसा, पण हसून झाल्यावर विचारा, “कधी वाजलं होतं? तेव्हा काय करत होतात?”

आपल्या नाशिकच्या डॉक्टरांना मी हे हक्कानं लिहितोय त्याला कारण आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी सायकलने पार केली, तेव्हापासून या गावात पहाटे सायकली वाढल्या. पेशंट डॉक्टरांचं औषध घेतो त्याहून जास्त डॉक्टरांचं बघून करतो. तुमच्यातल्या कित्येकांच्या मनगटावर मी स्वतः पट्टे चढवलेत, त्यामुळे तुम्हीही पावलं मोजता हे मला माहीत आहे. काळजी नसावी, किती होतात ते कुणाला सांगत नाही.

आता माझ्याकडून काय करता येईल ते. पोस्टकार्डाएवढा एक कागद तुम्ही चार-सहा जणांनी मिळून लिहून द्या, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात : कुठला आकडा धरायचा, कुठला सोडायचा, कधी यायचं, कधी १०८. खाली कोणाचं नाव नको, जाहिरात नको. छपाई माझी. प्रत्येक पट्ट्याबरोबर एक कागद हातात देईन, काच पुसून आणि पट्टा नीट बसवून. पहिल्या पाचशेचा कागद मी आणूनही ठेवलाय, स्टुलाखाली आहे. मजकूर तेवढा हवा. दुकान सोमवारी बंद असतं, इतर दिवशी सकाळी साडेदहा ते रात्री आठ.

आपला,
एक घड्याळजी
रविवार कारंजा, नाशिक